तिचे शब्द तिच्याकडे

गेल्या महिन्यात आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं, तंजावूरमधल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये. प्रशिक्षण द्यायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आम्हा सगळ्या बायाबाप्यांना चौघाचौघांच्या गटांत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात पाच शब्दांची एक चिठ्ठी दिली. आपल्या चिठ्ठीतले शब्द आपण नीट शिकायचे, मग गटातल्या बाकी तिघांना शिकवायचे. पूर्ण यादी कुणालाच मिळणार नाही. याला जिगसॉ पद्धत म्हणतात, यानं मुलांची शब्दसंपत्ती वाढते, आणि यापुढे आपण सर्वांनी वर्गात हेच करायचं आहे, असं तिनं सांगितलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, छान आहे ना? मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. आणि ते खरंच दुखत होतं. हीच चिठ्ठी, हेच पाच शब्द, हीच चौघांची बैठक मी आमच्या शाळेत सहा वर्षांपूर्वी पाहिली होती. तिथं ती बंद पडली, आणि बंद पडण्यात माझा हात होता.

आमच्याकडे तिला असं काही गोंडस नाव नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळे तिला ‘अंबुजम टीचरचा बाजार’ म्हणत, कारण तास चालू असताना त्या वर्गातून बाजार भरल्यासारखा आवाज यायचा. अंबुजम टीचर म्हणजे अंबुजाबाई. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अंबुजाक्का म्हणे. निवृत्त होऊन आता त्या कोइमतूरला मुलाकडे असतात, असं ऐकते. मी फोन केलेला नाही.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी तंजावूरला आले. पुढे त्याची बदली झाली, तो दोन गावं फिरून परत इथेच आला, पण मी हलले नाही, कारण तोवर मला शाळेत कायमची नोकरी लागली होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये डबा उघडला तर समोर एक बुटकी, सावळी बाई येऊन उभी राहिली. कॉटनची कडक साडी, आणि डोक्यावर हेल्मेट तसंच. मोपेडवरून उतरून वीस मिनिटं झाली तरी हेल्मेट काढायचं त्यांना सुचत नसे. मुलं बिचारी आठवण करून देत. त्या माझ्या डब्यात वाकून बघत म्हणाल्या, "डांगर की? तूं मराठी की?"

मी दचकले. तमिळ हेल काढून बोललेलं का होईना, मराठीच होतं ते. आणि पहिल्याच भेटीत अगंतुगं. त्यांचं घराणं इथं मराठ्यांच्या राज्यात आलं आणि इथलंच झालं. आजोबा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून, वडिलांची थोडी भातशेती, घरात दोघंतिघं मास्तर. बोलतात मराठी, पण वाचता येत नाही. मी एकदा माझं नाव देवनागरीत लिहून दाखवलं, तर त्यांनी कागद फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "ह्यात तूं कोट हायेस?" म्हणजे यात तू कुठे आहेस.

त्यांच्या घरातल्या मराठीबद्दल त्यांनी मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, आमच्या घरी पुरी मराठी कुणा एकाला येतच नव्हती. आईकडे स्वयंपाकघरातले शब्द, वडिलांकडे शेताचे आणि देवाचे. आत्याकडे आजारपणाचे आणि शिव्यांचे. मुलांना ज्याचा शब्द हवा त्याच्याकडे जावं लागे. आई लग्नाला म्हणून आठवडाभर माहेरी गेली की त्या आठवड्यात स्वयंपाकघरात तमिळ चाले. जेवायला सगळे एकत्र बसले की तेवढा वेळ घरात भाषा पुरी असायची. आत्या गेली आणि तिच्याबरोबर निम्म्या दुखण्यांची नावं गेली. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. भाषा अशीच असते, माणसामाणसांत वाटलेली, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि आपल्यासारखंच सगळ्यांनी पाहिलं असेल असं त्या धरून चालत.

त्यातूनच त्यांचा बाजार सुरू झाला. कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे. आमच्या शाळेत निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून पहिल्या बसनं येतात. पाचवीपर्यंत गावात तमिळ माध्यमात शिकलेली. आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात दर पानावर त्यांना दहा शब्द अडतात. अंबुजाक्का तारखेच्या कॅलेंडरची फाडलेली पानं जमवत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर पाच-पाच शब्द लिहीत, बाकं समोरासमोर करून चौघंचौघं बसवत आणि चिठ्ठ्या वाटत. ज्याला जे पाच मिळाले ते त्याचे. त्यानं ते डिक्शनरीतून, घरी विचारून, हवे तसे शिकायचे, आणि गटाला शिकवायचे. वर्गात अर्थ सांगायचा नाही हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. कुणी विचारलं तर त्या वर्गाला विचारत, हा शब्द कुणाकडे आहे?

या बाईच्या हट्टापुढे मी अनेकदा हात टेकले, पण सेल्वीच्या वेळी खरोखर भांडले. सेल्वी ओरत्तनाडूच्या पलीकडच्या खेड्यातली. तीन वर्षांत वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला हात वर करायची. आई आजारी पडली म्हणून ती घरी राहिली, एक आठवडा, मग दुसरा. तिच्या गटातल्या तिघींना दर शुक्रवारच्या चाचणीत तिचे पाच शब्द येईनात. मार्क जाऊ लागले. त्यातल्या एकीचे वडील वकील, ते भांडायला शाळेत आले. मी अंबुजाक्कांना म्हटलं, एवढं काय, तिची चिठ्ठी दुसऱ्या मुलीला द्या आणि मोकळ्या व्हा.

"नक्को," त्या म्हणाल्या. "तिचे शब्द तिजकडच असूदे."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तर त्यांस कळूदे, कोण नाही ते."

मला हे उत्तर त्या दिवशी अतिशय उद्धट वाटलं. मुलींचे मार्क चाललेत आणि ही बाई तत्त्वं सांगते. पण तिसऱ्या शनिवारी त्या तिघी, वकिलाच्या मुलीसकट, सेल्वीच्या साचलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसनं तिच्या गावी गेल्या. तिच्या ओसरीवर बसून तीन आठवड्यांचे पंधरा शब्द तिच्याकडून शिकून आल्या. बुधवारी सेल्वी शाळेत हजर, आणि शुक्रवारच्या चाचणीत तिघींचे पैकीच्या पैकी. तिघींनी तिच्या आईला सांगितलं होतं, की ही आली नाही तर आम्ही नापास होऊ. तिच्यावाचून कुणाचं काही अडतं हे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी बोललं असेल.

पुढची गोष्ट तर सगळ्या शाळेला माहीत आहे. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे एच. एम. मॅडम म्हणतात, स्टाफच्या बैठकीत एक परिपत्रक वाचत होत्या. शाळेत बाग करण्याबद्दलचं. त्यात ‘पेरेनियल’ असा शब्द आला. कोण झोपलंय ते बघायला म्हणून त्यांनी मध्येच विचारलं, अंबुजम टीचर, पेरेनियल म्हणजे? अंबुजाक्का उभ्या राहिल्या आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, मॅडम, तो शब्द आठवीतल्या सेल्वीकडे आहे. आणि शिपायाला पाठवून तिला बोलावून घेतलं. पोर आली. तीस शिक्षकांसमोर उभी राहिली. आधी ओढणीशी चाळा केला, मग तमिळमध्ये म्हणाली, "वर धरणाचं दार बंद असतानाही ज्याला पाणी असतं ते, मॅडम. आमच्या गावाला तसलं काही नाही." आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. अंबुजाक्कांना हे कळलंसुद्धा नाही. त्या सेल्वीकडे बघण्यात गुंग होत्या.

एच. एम. मॅडमचीही बाजू होती, ती मी सांगते. दहावीच्या निकालाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. शेजारच्या वर्गांची तक्रार येत होती, पालक येत होते, आणि तपासणीला कुणी आलं तर बाकं अस्ताव्यस्त. एके दिवशी त्यांनी अंबुजाक्कांना बोलावून हे बंद करा म्हणून सांगितलं. अंबुजाक्का म्हणाल्या, न बघता बंद का करायचं, आधी परीक्षा करून बघू. आठवीच्या दोन तुकड्या आहेत. ए तुकडीला मी माझ्या पद्धतीनं शिकवते, बी तुकडीला दुसरं कुणी नेहमीच्या पद्धतीनं शिकवू दे. शब्द तेच, तास तेवढेच. शेवटी दोघांना एकच पेपर. मॅडमनी विचार केला आणि कबूल केलं. फरक दिसला तर पुढच्या वर्षीपासून सहावी ते नववी सगळीकडे तुमची पद्धत. नाही दिसला तर बाकं सरळ, आणि तुम्हीही बाकीच्यांसारखं फळ्यावर शब्द-अर्थ लिहून द्यायचे. अंबुजाक्का हो म्हणाल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि त्यांना हे एवढंच मागे ठेवून जायचं होतं.

बी तुकडी माझी होती. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला घ्या. त्या म्हणाल्या, "तूं बरं शिकवतेस मणूनच तूं. वाईट टीचरस हरवून काय मिळणार?"

माझी पद्धत म्हणजे सगळ्यांची पद्धत. शब्द, अर्थ, पाच वेळा लिहा, मोठ्यानं म्हणा. मी स्वतः मिरजेला तशीच शिकले होते आणि माझं काही वाईट झालं नाही, अशी माझी समजूत.

परीक्षेच्या बाबतीत अंबुजाक्का इतक्या काटेकोर होत्या की वैताग यावा. पेपर दुसऱ्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंकडून काढून घेतला, म्हणजे आम्हा दोघींनाही प्रश्न माहीत नसावेत. सुरुवातीला दोन्ही तुकड्यांची एक चाचणी घेतली, बरोबरीत आहेत का बघायला. त्यातला एक शब्द त्यांच्या वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात होता असं नंतर लक्षात आलं, तर तो प्रश्न दोन्हीकडून बाद केला. मी म्हटलं, एका प्रश्नानं काय होतंय? त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. आणि एक कागद करून माझ्यासमोर ठेवला. आठवड्याला पाच तास तुला, पाच तास मला. वर एक मिनिट नाही. मी सही केली.

पहिले दोन आठवडे मी ते पाळलं. तिसऱ्या आठवड्यात मी आठवी ए वरून जात होते. आत तो बाजार. पण कान देऊन ऐकलं तर सेल्वी कुणाला तरी दटावत होती, की तुला हा शब्द समजलेला नाही, तू नुसता पाठ केलायस, तुझ्या घरातलं उदाहरण दे. मी माझ्या वर्गात गेले. पोरं मुकाट्यानं पाच वेळा लिहीत होती. दुपारी स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं, शैला टीचर, बी तुकडीचं काही खरं नाही बघा. बाकीचे हसले. चेष्टाच होती, पण मला ती झोंबली.

दुसऱ्या दिवसापासून मी बी तुकडीला प्रार्थनेआधी वीस मिनिटं बोलावू लागले. मग ड्रिलच्या सरांकडून खेळाचा तास मागून घेतला. मग शनिवारी एक तास. मुलांना सांगितलं की हे वार्षिक परीक्षेसाठी आहे. मुलं लिहून लिहून बोटं झटकायची. ही लबाडी आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, निदान मी स्वतःला तसं वाटू दिलं नाही. मी शिकवतच तर होते. जास्त शिकवलं म्हणून कुणी शिक्षकाला दोष देतं का? अंबुजाक्कांना कळलं नाही, कारण त्यांची मोपेड प्रार्थनेच्या घंटेलाच फाटकातून आत यायची, आणि कागदावर माझी सही होती म्हणजे त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

पेपर झाला. त्या निवृत्त बाईंनीच तपासला. दोन्ही तुकड्यांत नावापुरता फरक. उलट वरच्या पाचांत तीन मुलं माझी.

अंबुजाक्का दोन्ही गठ्ठे घेऊन दोन दिवस लायब्ररीत बसल्या. मधल्या सुट्टीत मी त्यांना कॉफी नेऊन दिली. त्यांनी पेपरातून मान वर करून मला विचारलं, "मी कोट चुकले, शैला?"

मी म्हटलं, गोंगाटामुळे झालं असेल.

हे वाक्य मी बोलले. हातात त्यांच्यासाठी आणलेला कॉफीचा टंबलर होता. आज ते आठवलं की मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटते. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं, आवाज जास्त असावा. सोमवारी मॅडमनी बोलावलं तेव्हा त्या "ठरलं तसं" एवढंच म्हणाल्या. आणि मुलांना घेऊन त्यांनी स्वतः बाकं ओढून ओळीत लावली. मॅडमनी स्टाफच्या बैठकीत माझं कौतुक केलं. जुनं ते उगीच जुनं झालेलं नसतं वगैरे बोलल्या. मी खाली बघत होते, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

जूनमध्ये ती मुलं नववीत गेली. तुकड्या मिसळल्या आणि इंग्रजी माझ्याकडे आलं. पहिल्याच धड्यात आठवीतले शब्द परत आले. मी विचारलं, तर माझी बी तुकडीची मुलं माझ्याकडे बघत राहिली. वरच्या पाचांतला एक म्हणाला, टीचर, लिहिलं होतं, पण आठवत नाही. मग मागून एक हात वर आला. टीचर, तो माझ्याकडे होता. त्यानं अर्थ सांगितला, उदाहरण सांगितलं, आणि हेही सांगितलं, की हे उदाहरण मी कार्तिकसाठी केलं होतं कारण त्याला पहिलं पटेना. दुसरा शब्द, दुसरा हात. ए तुकडीतल्या मुलांना स्वतःचे तर आठवतच होते, पण दुसऱ्यांचेही, कुणी शिकवले त्या नावासकट. मी वही मिटली आणि मुलांना मनातल्या मनात वाचायला सांगितलं. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत माझ्या पाच वेळांमधलं काहीही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सायकल स्टँडवर मी अंबुजाक्कांना गाठलं आणि सगळं सांगितलं. प्रार्थनेआधीची वीस मिनिटं, ड्रिलचा तास, शनिवार. त्या मोपेडला किल्ली लावून उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. मला तेच हवं होतं. एकदा ओरडल्या असत्या तर मी मोकळी झाले असते. त्यांनी विचारलं, एकूण किती तास? मी म्हटलं, अंदाजे सांगते. त्या म्हणाल्या, अंदाजे नको. मी बोटांवर मोजून सांगितले. त्या म्हणाल्या, "मणजे माझं चुकलं नव्हतं."

"नाही, अक्का."

"मज सांगून काय होणार? एच. एम. मॅडमस सांगा तुम्ही. लिहून द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला ‘तुम्ही’ म्हणाल्या, आणि त्यानंतर मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ‘तूं’ ऐकलं नाही.

मी हो म्हटलं. घरी जाऊन कागद लिहिला. तो नीट जमला नाही म्हणून फाडला, परत लिहिला. त्याच महिन्यात सहायक मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी नावं जायची होती, आणि माझं नाव गेलं होतं ते बी तुकडीच्या निकालावर. म्हटलं, जागेचं ठरू दे, मग देते. जागा मिळाली. मग म्हटलं, नुकतीच मिळाली आहे, लगेच कसं. तिमाही झाली, सहामाही झाली. पोंगलच्या सुट्टीआधी अंबुजाक्कांनी व्हरांड्यात मला थांबवून एकदा विचारलं, लिहिलांत काय? मी म्हटलं, या आठवड्यात देते. त्यांनी बरं म्हटलं. परत कधी विचारलं नाही.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. त्या स्वतः का नाही गेल्या? मॅडमचं ऑफिस व्हरांड्याच्या टोकाला होतं, वीस पावलांवर. जाऊन सांगायचं, शैलानं कबूल केलंय, तिला बोलावून विचारा. मी नाही म्हटलं नसतं. बहुतेक नसतं. निदान नववीच्या मुलांची पुन्हा चाचणी घ्या असं तरी म्हणायचं. पण ही बाई आपल्या वर्षभराच्या कामावर पाणी पडू देईल, पण दुसऱ्यानं सांगायची गोष्ट आपण सांगणार नाही. जे मी बोलायला हवं होतं ते माझंच होतं, आणि ते मीच आणून द्यायचं होतं. सेल्वीची वाट बघितली तशी त्यांनी माझी वाट बघितली. मला त्यांचा राग येई, अजून येतो. समोरच्यावर इतका विश्वास टाकायचा काय अधिकार असतो माणसाला? सेल्वी आठवीतली मुलगी होती आणि ती आली. मी पंचेचाळीस वर्षांची होते.

त्यांचं शेवटचं वर्ष. निरोपसमारंभाच्या दिवशी मी तिरुच्चीला एका बैठकीला गेले होते. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण मी गेले. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते फेब्रुवारीत. सहायक मुख्याध्यापिका म्हणून दुसऱ्या तासाला सगळ्या वर्गांवरून फेरी मारायची आणि फेरीच्या वहीत शेरा लिहायचा, हे माझं रोजचं काम. आठवी एच्या दाराशी आले तर आत चिडीचूप. बाकं ओळीत. चाळीसेक मुलं माना खाली घालून लिहीत होती. अंबुजाक्का फळ्यापाशी उभ्या होत्या, हातात मार्गदर्शक पुस्तक, त्यातला शब्द वाचत, मग अर्थ, मग पाच वेळा असं म्हणून थांबत. आयुष्यभर कधी अर्थ सांगितला नव्हता, त्यामुळे त्यांना ते अजूनही जमत नव्हतं. अर्थ वाचताना आवाज पडायचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं अर्धवट हात वर केला. तिला काहीतरी सांगायचं होतं, तिच्या गावातलं, घरातलं काहीतरी. अंबुजाक्कांनी तो हात बघितला, आणि म्हणाल्या, लिही.

मग त्यांची नजर दाराकडे गेली. त्यांनी पुस्तक मिटलं, मुलांना उठवलं, आणि मुलांबरोबर त्यांनीही मला गुड मॉर्निंग, मॅडम म्हटलं. मी शेजारून जात असताना कुणाही शिक्षकानं म्हणावं तसं. मग तमिळमध्ये विचारलं, काही हवं होतं का? मी म्हटलं, काही नाही, चालू द्या. मुलं बसली. त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली आणि पुढचा शब्द वाचला.

मी व्हरांड्यात येऊन फेरीची वही उघडली. आठवी ए, इंग्रजी, शिस्त उत्तम, असा शेरा लिहिला, खाली सही केली आणि आठवी बीकडे वळले.